डेटा सेफ आहे, वहिनी

आमच्या घरात कॉम्प्युटरमधलं फक्त बाबांना कळतं, असं बाबांचं मत होतं. बाबा मेनफ्रेमवाले. म्हणजे विमा कंपन्यांची कपाटाएवढी जुनी यंत्रं ज्या प्रोग्रामवर चालतात, ते लिहिणाऱ्या पिढीतले. त्या यंत्रांपुढे घरचा कॉम्प्युटर म्हणजे त्यांच्या लेखी खेळणं. पण त्या खेळण्याला त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. आम्ही तेव्हा ओहायोतल्या डब्लिनमध्ये, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेत भाड्यानं राहत होतो. खाली स्वयंपाकघर आणि बैठक, वर दोन खोल्या. कॉम्प्युटर स्वयंपाकघराच्या तोंडाशी, फ्रिजच्या शेजारी मांडलेला होता. ती जागा आईनं निवडली होती, कारण तिथं बसून टाइप करता करता कुकरच्या शिट्ट्या मोजता यायच्या. बाबांना ती जागा कमीपणाची वाटायची. "कॉम्प्युटर कधी फ्रिजजवळ ठेवतात का?" असं ते आल्यागेल्याला सांगायचे आणि आलेगेलेही माना हलवायचे, कारण आलेगेलेही सगळे सॉफ्टवेअरवालेच असायचे.

आई नागपूरला कॉलेजात मराठी शिकवायची. बाबांना इकडची नोकरी लागली तेव्हा तिनं ती सोडली, आणि इकडे तिच्या व्हिसावर तिला कुठंच काम करायची परवानगी नव्हती. तिची पीएचडी मात्र अर्धवट राहिली होती. विषय होता जुन्या मराठी मासिकांतल्या जाहिरातींची भाषा. केशतेलाच्या, काढ्याच्या, पायपेटीच्या जाहिराती. त्यांतली शब्दयोजना कुणाला उद्देशून आहे, बाईला काय म्हणून हाक मारली आहे, असलं काहीतरी. असलं काहीतरी, असंच मी तेव्हा म्हणायचे. बाबा तर जेवायला आलेल्या पाहुण्यांना श्रीखंड वाढावं तशी ही गंमत वाढायचे. "आमच्याकडे केशतेलावर डॉक्टरेट चालली आहे." लोक हसायचे आणि आई पुऱ्या तळायला आत जायची. मी पंधरा वर्षांची होते. मला बाबांचा विनोद शिळा वाटायचा आणि आईचा प्रबंध त्याहून शिळा. त्या वयात मला स्वतःखेरीज बहुतेक सगळंच शिळं वाटायचं.

तीन वर्षं ती रोज दुपारी टाइप करत होती. पुण्याच्या कुणीतरी केलेलं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर तिच्या भावानं एका फ्लॉपीवर पाठवलं होतं. त्यातल्या फॉन्टशिवाय तिचं लिखाण उघडायचंच नाही. म्हणजे उघडायचं, पण इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि उलटी प्रश्नचिन्हं यांची खिचडी दिसायची. त्या काळी मराठीचं असंच होतं. प्रत्येक फॉन्टची आपापली गुपित भाषा, एकाचं दुसऱ्याला कळायचं नाही. (आता मुलांना हे सांगितलं की ती माझ्याकडे मी शिलालेख वाचत असल्यासारखं बघतात.) रात्री जेवणं झाली, दुधाला विरजण लावलं, की आई त्या दिवशीचं काम एका फ्लॉपीवर उतरवून घ्यायची आणि ती फ्लॉपी गव्हाच्या डब्याशेजारच्या खणात ठेवायची. विरजण आणि फ्लॉपी, दोन्ही न चुकता. बाबांनी त्यांच्या पंधरा वर्षांच्या नोकरीत एकदाही स्वतः बॅकअप घेतला नव्हता. मेनफ्रेमवर ते काम ऑपरेटर नावाचा वेगळा माणूस करायचा. प्रोग्रामरनं फक्त म्हणायचं, बॅकअप घे. घरातही ते फक्त म्हणायचे, आणि म्हटलं की घेतला गेला असं समजायचे.

त्या शरदात नवी ऑपरेटिंग सिस्टिम बाजारात आली, नेमकी दसऱ्याच्या तोंडावर. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर सगळीकडे माणसं कमी करणं चाललं होतं. बाबांच्या ऑफिसात पुण्याहून नुकती आलेली पोरं जेवणाच्या टेबलावर नव्या सिस्टिमच्या गोष्टी करायची आणि बाबा डब्यातली पोळी गुंडाळत गप्प ऐकायचे. नोकरी गेली तर व्हिसा जाणार, व्हिसा गेला तर सगळं घर उचलून परत. ही भीती त्यांना होती हे मला आज समजतं. पण भीती समजली म्हणून माणूस आवडायला लागतो असं नाही. त्यांनी ती भीती आम्हाला सांगितली असती तर वेगळं होतं. ते म्हणाले एवढंच, "आपल्या ग्रुपमध्ये सगळ्यात आधी आपल्याकडे नवी सिस्टिम असली पाहिजे." आणि जोगळेकर काकांना बोलावलं.

जोगळेकर काका म्हणजे बाबांच्याच ऑफिसातले, बाबांच्याच पिढीतले, मूळचे पुण्याचे. कोणत्याही प्रश्नावर "सोपं आहे" म्हणायची त्यांना सवय होती. त्यांच्याकडे काम कधी झालेलं मी पाहिलं नाही, ते सोपं असल्याचं मात्र नेहमी ऐकलं. दसऱ्याच्या संध्याकाळी ते आणि काकू आले ते पुड्यात सोनं घेऊन. ओहायोत आपटा कुठला? मग कॉम्प्लेक्सच्या दारात रेडबड नावाचं झाड होतं, त्याची पानं साधारण आपट्यासारखी, ती सगळी मराठी मंडळी ओरबाडायची. ऑक्टोबरच्या अखेरीला ती पानं पिवळीधमक झालेली असायची, त्यामुळे आमच्याकडचं सोनं तिकडच्यापेक्षा खरं दिसायचं. आईनं आदल्या दिवशी दही फडक्यात बांधून सिंकच्या नळाला टांगलं होतं. श्रीखंड झालं होतं, पुऱ्यांचा वास वरपर्यंत गेला होता. कॉम्प्युटरच्या डब्यावर हळदकुंकू लावलं होतं, वर दुकानातल्या कुंडीतला झेंडू, शेजारी माझी पाठ्यपुस्तकं आणि आईच्या प्रबंधाचं छापलेलं पहिलं प्रकरण.

बाबांनी नवी सीडी त्या पूजेतच ठेवली होती. नमस्कार झाले आणि त्यांनी ती उचलली.

"आत्ता?" आई म्हणाली. "अहो, आज पूजेला लावलंय. पूजेतल्या वस्तूला त्या दिवशी काम सांगत नाहीत."

"साडेतीन मुहूर्तांतला एक आहे आज. नवीन गोष्ट आज नाही तर कधी करायची?" एरवी सत्यनारायणाला नावं ठेवणारे बाबा म्हणाले.

"माझं सगळं त्यात आहे. पुढच्या शनिवारी काकू निघतात. सोमवारपासून प्रिंट काढायला बसणार आहे मी."

हे सगळ्यांना माहीत होतं. जोगळेकर काकू दिवाळीला भारतात चालल्या होत्या, त्यांच्या सामानात आईचे तीनशे-साडेतीनशे कागद जाणार होते. पुण्याहून मामा ते नागपूरला नेणार होता. विद्यापीठानं तिला दिलेली मुदतवाढ शेवटची होती. नोव्हेंबर संपला की नोंदणी रद्द, आणि मार्गदर्शक सरही त्याच वर्षी निवृत्त. इतकं सगळं त्या एका डब्यात होतं.

"बॅकअप घेतलायस ना?" बाबांनी विचारलं.

"माझ्या फ्लॉप्या आहेत."

"मग झालं तर."

"सोपं आहे, वहिनी," काका म्हणाले. "अर्ध्या तासात तुम्हाला कोरा करकरीत कॉम्प्युटर देतो."

कोरा करकरीत, हे मात्र त्यांनी शब्दशः खरं केलं. जुन्यावरच नवी चढवायची सोय होती, पण दोघांचं एकमत झालं की कचऱ्यावर इमारत बांधण्यात अर्थ नाही, सगळं पुसून मगच टाकावी. पुसताना दोघांनी मिळून श्रीखंडाच्या तीन वाट्या संपवल्या. अर्ध्या तासाचे तीन तास झाले. काकू आणि आई बैठकीत सोफ्यावर बसून होत्या. काकू साड्यांविषयी काहीतरी बोलत होत्या आणि आई स्वयंपाकघराकडे बघत हुंकार भरत होती. शेवटी पडद्यावर हिरवी टेकडी आणि निळं आभाळ उगवलं. बाबांनी टाळी वाजवली. मलाही ती टेकडी फार आवडली, हे मी कबूल करते. मी लगेच खुर्चीत बसून मैत्रिणींशी चॅट सुरू होतं का ते पाहिलं. झालं.

मग आईनं खणातून फ्लॉपी आणली आणि तिसरं प्रकरण उघडलं. पडद्यावर नुसती खिचडी. तिनं मराठी सॉफ्टवेअरची फ्लॉपी घातली. नव्या सिस्टिमनं एक चौकट दाखवून सांगितलं की हा प्रोग्राम इथं चालणार नाही. बाबांनी तीच फ्लॉपी पुन्हा घातली, मग काकांनी घातली, जणू चौकट माणूस बघून बदलणार होती. आई दोघांच्या मागं उभी होती, तिच्या हातात पुसायचं फडकं होतं.

काका वळून म्हणाले, "घाबरू नका. डेटा सेफ आहे, वहिनी. फक्त दिसत नाहीये."

मी आयुष्यात बरीच मूर्ख वाक्यं ऐकली आहेत, माझ्या नोकरीत तर ती ऐकण्याचाच पगार मिळतो, पण याच्या तोडीचं अजून भेटलेलं नाही. आईनं ताटं उचलली.

शनिवार-रविवार आमच्या स्वयंपाकघरात परिषद भरली. काका आलेच, त्यांनी आणखी दोन तज्ज्ञ आणले. चार सॉफ्टवेअर इंजिनियर, चौघांचा मिळून साठेक वर्षांचा अनुभव, आणि समोर एक फॉन्ट. सगळे उंटावरचे शहाणे. एक म्हणाला, कन्व्हर्टर लिहू, दोन दिवसांचं काम आहे. दुसरा म्हणाला, दोन कशाला, एका दिवसात होतं. मग तो कन्व्हर्टर कुठल्या भाषेत लिहावा यावर वाद झाला आणि तो चहाच्या दुसऱ्या फेरीपर्यंत चालला. लिहायला कुणीच बसलं नाही. पुण्याच्या त्या सॉफ्टवेअरवाल्याचा फोन बंद झाला होता. रविवारी दुपारी बाबांनी मोडेमच्या किंकाळ्या ऐकत तासभर घालवून इंटरनेटवरून कुठला तरी दुसराच मराठी फॉन्ट उतरवला आणि त्यात प्रकरण उघडलं. आता पडद्यावर देवनागरी अक्षरं होती, पण ती कुणीतरी पोत्यात भरून हलवल्यासारखी. ठ च्या पुढं ळू, त्याच्या डोक्यावर दोन रफार.

"हे बघ, मराठी आलं," बाबा म्हणाले.

आई त्या पडद्याकडे बघत राहिली. मग नागपूरचं बोलणं, जे ती इकडे सहसा बोलायची नाही, तिच्या तोंडून निघालं. "काय करून राहिले तुम्ही हे? जुनं टाका ना परत. जुन्यावर चालत होतं सगळं."

"डाउनग्रेड?" बाबा म्हणाले. तज्ज्ञांपैकी एकजण हसला. त्या हसण्यानं सगळा निकाल लागला. "वासंती, जग पुढं चाललंय. मागं जायचं नसतं. पुढच्या वीकेंडला बघतो काय ते."

पुढच्या वीकेंडला काकूंचं विमान होतं. ते त्यांना आठवत नव्हतं असं नाही. चार लोकांसमोर मागं जायची त्यांना लाज वाटत होती, आणि त्या लाजेपुढं बायकोची तीन वर्षं त्यांना हलकी वाटली. पडलो तरी नाक वर, ही म्हण आमच्याकडे मला कुणी शिकवावी लागली नाही.

त्या संध्याकाळी बाबा वर गेल्यावर आई माझ्याजवळ आली. मी कॉम्प्युटरवर चॅट करत होते. ती म्हणाली, "तुमच्या शाळेत कॉम्प्युटरचा तास असतो ना? उद्या शाळेतून आलीस की बस माझ्याबरोबर. मशीनबरोबर आलेली जुनी सीडी मी पासपोर्टांच्या फाइलमध्ये ठेवलीय. आपण दोघी टाकू."

मला ते येत होतं. शाळेत आम्ही दोनदा केलं होतं. पण जुनी टाकली की टेकडी जाणार, माझं चॅट पुन्हा दर पाच मिनिटांनी बंद पडणार. मी मान न वळवता म्हटलं, "नोबडी इज गोइंग टु रीड इट, आई."

"बरं," ती म्हणाली आणि विरजण लावायला गेली.

सोमवारी आणि मंगळवारी दुपारी ती पायी गावच्या लायब्ररीत गेली. तिला गाडी येत नव्हती, आणि पायी चालणारं माणूस त्या गावात दिसायचंच नाही, त्यामुळे गाड्या थांबवून लोक तिला विचारायचे की काही मदत हवी आहे का. लायब्ररीत डोरिस नावाची एक म्हातारी बाई होती. तिनं जुन्या सिस्टिमवरचं जाडजूड पुस्तक शोधून दिलं आणि त्यातल्या पानांच्या झेरॉक्स काढून दिल्या. बुधवारी मी शाळेच्या बसमधून उतरून घरी आले, तेव्हा फोनची वायर काढून ठेवलेली होती आणि आई खुर्चीत ताठ बसली होती. मांडीवर झेरॉक्सची पानं, त्यांच्या समासात पेन्सिलनं बारीक मराठी अक्षरांत अर्थ लिहिलेले. जिथं पुस्तकात एखादी कळ दाबून धरायला सांगितली होती, तिथं तिनं दोन रेघा मारल्या होत्या. परीक्षेचे पेपर तपासताना मारायची तशा. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती. कुकर लावलेला नव्हता. घरात नुसता हीटरचा आवाज होता.

"खायला चिवडा आहे," पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली.

मी चिवडा घेतला आणि दारात उभी राहून खाल्ला. एकदा मशीन बंद होऊन चालू झालं आणि पडदा काळाच राहिला, तेव्हा तिचा हात गळ्यातल्या मंगळसूत्राकडे गेला. मला माहीत होतं की आता सीडी बाहेर काढायची असते. मी सांगितलं नाही. का, याचं उत्तर मी पुष्कळ वर्षं शोधलं. उत्तर एवढंच आहे की तिच्यानं होणार नाही अशी माझी खात्री होती आणि ती खात्री मला खरी ठरायला हवी होती. तिनं पानं चाळली, बोटानं एक ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि सीडी बाहेर काढली. जुनी निळी स्क्रीन आली. तिनं मराठीची फ्लॉपी घातली. मग तिसरं प्रकरण उघडलं आणि त्यातलं पहिलं वाक्य मोठ्यानं वाचलं, माझ्यासाठी नव्हे. कुठल्याशा टॉनिकच्या जाहिरातीतलं वाक्य होतं ते, अशक्त भगिनींना उद्देशून. ती हसायला लागली आणि हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले.

बाबा घरी आले तेव्हा प्रिंटर करकरत होता. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, कागदांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. "कुणी केलं?" त्यांनी मला विचारलं. आईला नाही, मला. मी आईकडे बोट दाखवलं. ते कपडे बदलायला वर गेले. शुक्रवारपर्यंत प्रिंटर चालला, शनिवारी कागद काकूंच्या बॅगेत गेले. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत बाबा चार जणांना सांगत होते, "नवी सिस्टिम अजून कच्ची आहे. आम्ही टाकून बघितली आणि विचारपूर्वक परत जुनीवर आलो." जोगळेकर काका शेजारी उभे राहून म्हणाले, "सोपं असतं ते." आई हातभर अंतरावर फराळाची ताटं लावत होती. तिनं ऐकलं, आणि चकलीचा डबा उघडला. आज माझ्या घरातली यंत्रं मध्यरात्री कुणाला न विचारता आपापली अपग्रेड होतात. बाबांची पिढी त्यानं बेकार झाली, आणि मला त्याचं अजिबात दुःख नाही.

पुढच्या वर्षी आईला पदवी मिळाली, आणि बांधलेला प्रबंध पोस्टानं आला. लाल कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं. बाबांनी पुडकं स्वतः फोडलं. प्रबंध त्यांनी वाचायचा प्रश्न नव्हता, पण सुरुवातीचं ऋणनिर्देशाचं पान त्यांनी उघडलं. आपल्याकडच्या प्रबंधांत त्या पानावर शेवटी नवऱ्याचे आभार असतातच, सहकार्याबद्दल, प्रोत्साहनाबद्दल. तशी रीतच आहे, माणूस कसाही असो. बाबांनी पान वाचलं. मार्गदर्शक सर, मामा, जोगळेकर काकू, "आणि ज्यांनी एका अनोळखी बाईला दोन दुपारी दिल्या त्या डब्लिन ग्रंथालयातील श्रीमती डोरिस." त्यापुढं काही नव्हतं. बाबांनी पान उलटून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती. मी सोफ्यावरून ते बघत होते आणि मोठ्यानं हसले.

बाबा प्रबंध टेबलावर ठेवून निघून गेले. आई दुकानातून अजून आली नव्हती. मी उठले, प्रबंध हातात घेतला, ते पान काढलं आणि वरपासून खालपर्यंत माझं नाव शोधलं. मग मीही पान उलटून पाहिलं.